दुसरा डोळा रंगवण्याआधी

हा लेख अनसूया घुगे या नावाने सुरू करतो, कारण ते नाव नसतं तर लेख नसता आणि लेखकही नसता. घुगेबाई आमच्या जिंतूरच्या शाळेत गणित शिकवायच्या. आठवीच्या सहामाहीत एक उदाहरण वर्गात सगळ्यांत आधी मी सोडवलं होतं. उत्तर बरोबर होतं. बाईंनी पाचपैकी तीनच गुण दिले.

"बाई, उत्तर बरोबर आहे की!"

"आहे ना. पण ते बरोबर आहे हे तुला कशावरून कळलं? ताळा कुठाय?"

"ताळा न करताच बरोबर आलं, बाई."

"मग ते नशिबानं आलं. नशिबाला मी गुण देत नसते, ढवळे."

आलेलं उत्तर उलट्या बाजूने तपासून बघणं म्हणजे ताळा. पुढे आयुष्यभर माझ्या पोटापाण्याचा उद्योग तोच होणार आहे, हे तेव्हा ना बाईंना माहीत होतं ना मला.

आमच्या आण्णांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. ते चौथीपर्यंत शिकलेले. निवडणुका आल्या की आमच्या घरी दिवाळी. सकाळी रिक्षावर एका पक्षाचा झेंडा, दुपारी जेवून उठलं की दुसऱ्याचा. कर्णे तेच, रिक्षा तीच, आवाजही आण्णांचाच. दोन्हीकडचे कार्यकर्ते चहा पिताना छातीवर हात मारून सांगायचे, "आण्णा, लिहून घ्या, आपलंच येणार." आण्णा दोघांनाही म्हणायचे, "येणारच की." निकालाच्या दिवशी मात्र ते मला हळूच विचारायचे, "बाळ्या, बाईंना विचारून ये बरं, खरं कोण येतंय." कारण बाईंना मतमोजणीची ड्यूटी लागायची. बाई दारातूनच सांगायच्या, "मोजून झाल्यावर सांगते."

बारावीनंतर मला दुकानात बसवायचं ठरलं होतं. बाई घरी आल्या. आण्णा म्हणाले, "बाई, आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी बघितलेलं नाही." बाई म्हणाल्या, "मग हा बघून येईल आणि तुम्हाला सांगेल, कसं असतं ते." औरंगाबादच्या एसटीत त्या स्वतः माझ्याबरोबर बसल्या आणि प्रवेश घेऊनच परतल्या. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा झाला.

आता माझ्या कामाबद्दल. मी जपानमध्ये, कावासाकीत राहतो. पुण्याच्या कंपनीकडून दोन वर्षांच्या कंत्राटावर आलो आणि राहिलो तो राहिलोच. आमची छोटी कंपनी एका दूरचित्रवाणी वाहिनीला निवडणुकीचे अंदाज पुरवते. इथल्या संसदेचं वरचं सभागृह दर तीन वर्षांनी निम्मं निवडलं जातं. सरकार त्याने लगेच पडत नाही, पण बहुमत गेलं तर कायदे अडतात, पंतप्रधानांची खुर्ची हलते आणि महिन्याभरात चेहरे बदलू शकतात. म्हणजे सरकारच्या अर्ध्या वाटेवरची परीक्षाच. त्या परीक्षेचा पेपर तपासायच्या आत निकाल सांगायचा, हे आमचं काम.

मी अतिशयोक्ती करत नाही. मतदान रात्री आठला संपतं. आठचा ठोका पडला, की त्याच सेकंदाला पडद्यावर डझनावारी उमेदवारांच्या नावांपुढे 'तोकाकु' असा शिक्का उमटतो. तोकाकु म्हणजे विजय निश्चित. तेव्हा देशात एकही मत मोजलेलं नसतं! महिनाभर केलेल्या पाहण्या, दिवसभर मतदान केंद्राबाहेर विचारलेले प्रश्न, मागच्या निवडणुकांचे गावनिहाय आकडे, हे सगळं एकत्र करून आम्ही ती नावं काढतो. सोप्या जागा आठलाच सुटतात. चुरशीच्या जागांसाठी मोजणी बघत बसावं लागतं. इथे मतदार पेन्सिलीने उमेदवाराचं नाव कागदावर लिहितो. त्यामुळे मोजणी शाळेच्या व्यायामशाळेत टेबलांवर चालते आणि आमची माणसं वरच्या सज्जात दुर्बिणी घेऊन बसतात. कुठल्या नावाचे कागद किती दिसले, ते टिपून फोनवर कळवतात. दुर्बिणीने मतं बघणारे लोक मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आण्णांना फोन केल्यावाचून राहवलं नाही. आण्णा म्हणाले, "आपल्याकडं हे करायला गेलास तर मार खाशील."

आठ वाजायला दहा सेकंद असताना आमच्या खोलीत जी शांतता होते, तिचं वर्णन मला अजून जमलेलं नाही. इतकी वर्षं झाली, अजून त्या दिवशी आठ वाजेपर्यंत मी जेवत नाही. बायको स्वाती म्हणते, "तुला ना इथे मत, ना तिथे जाऊन देता येत. नवस कुणाचा फेडतोयस?" खरं आहे. इथे मी परदेशी, आणि जिंतूरच्या यादीत नाव आहे पण मी तिथे नाही. प्रचाराच्या गाड्या उमेदवाराचं नाव ओरडत गल्लीतून जातात तेव्हा माझी मुलगी कानांवर हात ठेवून "उरुसाई!" म्हणते, केवढा गोंगाट म्हणून. मी मात्र खिडकी उघडतो. कर्ण्याचा दर्जा आण्णांच्या कर्ण्याहून फार वरचा आहे, पण आवाजातली आशा तीच.

आशेवरून आठवलं. या धंद्यात सगळ्यांत मजेशीर गिऱ्हाईक म्हणजे पक्षांची माणसं. आमच्याकडे राजकीय पक्षाने कितीही डरकाळ्या फोडल्या तरी चालतं. इथे उलटी रीत. निवडणुकीआधी पत्रकार प्रत्येक पक्षाच्या नेत्याच्या मागे लागतात, "तुमची विजयरेषा कुठे?" म्हणजे किती जागा आल्या तर जिंकलो म्हणायचं. नेता ती रेषा शक्य तितकी खाली ओढतो, कारण रेषा चुकली तर राजीनामा द्यावा लागतो. मनातली अपेक्षा एक, तोंडातली दुसरी.

एका निवडणुकीच्या आधी सत्ताधारी पक्षाचे एक स्थानिक चिटणीस आमच्या कार्यालयात आले. आमचे प्रमुख मोरिता-सान (सान म्हणजे आपलं 'जी'), जुने निवडणूक वार्ताहर, केस पांढरे, टाय कायम सैल. चिटणीसांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, "तुमच्या अंदाजात आमचा आकडा मोठा येणार असं ऐकतो. थोडा कमी दाखवता येईल का? आमचे कार्यकर्ते सैलावतात हो."

त्याच दुपारी विरोधी पक्षाचे गृहस्थ आले. त्यांचंही म्हणणं, "आमची लाट आहे असं छापलंत तर लोक समोरच्याची कीव करतील. थोडं कमी करा."

दोघांनाही वाकून निरोप दिल्यावर मोरिता-सान माझ्याकडे वळून म्हणाले, "दवारे-सान, दोघांचं ऐकलं तर सभागृह रिकामं राहील." इथे ळ नाही, म्हणून मी दवारे. आकडा अर्थातच कुणासाठी हलला नाही.

आता जे सांगायचं आहे ते अभिमानाचं नाही.

एका जिल्ह्यात एकच जागा होती. एका बाजूला सत्ताधारी पक्षाचे ओकादा, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाच्या हायाशीबाई, पूर्वी दवाखान्यात परिचारिका. आणि तिसरे एक अपक्ष, त्यांचंही आडनाव ओकादा. मतपत्रिकेवर कुणी नुसतंच 'ओकादा' लिहिलं तर ते मत कुणाचं? इथला कायदा म्हणतो, दोघांचं. दोघांना पूर्ण नावाने जेवढी मतं पडली, त्या प्रमाणात हे मत वाटून द्यायचं. एकाच्या वाट्याला मताचे नऊ दशांश, दुसऱ्याच्या एक दशांश, असं. म्हणून अंतिम आकड्यात दशांश चिन्ह येतं.

हे मला माहीत नव्हतं. मी जिंतूरहून आलो होतो. तिथे मत पूर्ण असतं, नाहीतर नसतं. यंत्रात, म्हणजे माझ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये, आकडे घेताना मी मोठ्या काळजीने एक पहारेकरी बसवला होता: मतांच्या रकान्यात अपूर्णांक दिसला तर तो आकडा चुकीचा, बाजूला काढ. कुणी सांगितलं नव्हतं, मीच हौसेने केलं. वाटलं, हाच माझा ताळा.

मधले आकडे पूर्णांकात येत होते, सगळं सुरळीत होतं. मग एकेका गावाचे अंतिम आकडे दशांशासह येऊ लागले आणि माझा पहारेकरी ते गुपचूप दाराबाहेर ठेवू लागला. डोंगराकडच्या गावांत म्हातारी माणसं नुसतं आडनाव लिहितात, कारण त्यांच्या लेखी ओकादा एकच. ती सगळी मतं माझ्या यंत्राला दिसलीच नाहीत. यंत्राने हायाशीबाई पुढे असल्याचं सांगितलं. आम्ही तोकाकु दिलं.

त्यांच्या कार्यालयात काय झालं ते आम्ही पडद्यावर बघत होतो. इथे उमेदवार प्रचाराच्या सुरुवातीला दारुमा नावाचा लाल गोल बाहुला आणतात. त्याला डोळे नसतात. एक डोळा आधी रंगवायचा, दुसरा जिंकल्यावर. हायाशीबाईंनी ब्रश घेऊन दुसरा डोळा रंगवला, सगळ्यांनी दोन्ही हात वर करून तीनदा 'बान्झाई'चा जयघोष केला, एक म्हातारे आजोबा रडले. आमच्या खोलीत टाळ्या वाजल्या. तासाभरात अधिकृत निकाल आला. सत्ताधारी पक्षाचे ओकादा विजयी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिता-सान आणि मी माफी मागायला गेलो. हातात मिठाईची खोकी, अंगात काळे सूट. कार्यालयात दोन बायका भिंतीवरचे कागदी गुलाब उतरवत होत्या. टेबलावर तो दारुमा दोन्ही डोळे उघडे ठेवून बसला होता. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. जिंकल्याचा दारुमा देवळात नेतात, हरल्याचाही नेतात. जिंकून हरल्याचा कुठे नेतात?

आम्ही कमरेत वाकलो. हायाशीबाईंनी विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी," मोरिता-सान म्हणाले. इथली रीत अशी, की चूक वरिष्ठाने घ्यायची आणि हाताखालच्याने खाली बघायचं. ती रीत माझ्याकडून मोडली गेली.

"नाही. माझी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "कशी झाली ते समजावून सांगा."

हा प्रश्न मी ओळखत होतो! मी खिशातून कागद काढला आणि सगळं मांडून दाखवलं. त्या चष्मा लावून शेवटपर्यंत बघत राहिल्या.

"तुमच्या देशात मताचे तुकडे करत नाहीत?"

"नाही. एक मत म्हणजे एक मत."

"बरा आहे तुमचा देश." त्या थोडं हसल्या. मग दारुमाकडे बोट दाखवलं. "रंगवलेला डोळा पुसता येत नाही. तीन वर्षांनी मी पुन्हा उभी राहणार आहे. तेव्हा बाकीच्या वाहिन्यांनी काहीही सांगू दे, तुम्ही सांगाल तेव्हाच मी डोळा रंगवीन. बघू, दवारे-सान, तुम्ही किती लवकर सांगता ते."

तो टोमणा होता की विश्वास, हे मला तेव्हा कळलं नाही. परतीच्या गाडीत मोरिता-साननी टाय सैल केला. मग म्हणाले, "वरिष्ठाचं बोलणं खोडायचं नसतं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण बरं केलंत." पहारेकरी मी त्याच दिवशी काढून टाकला. त्या आठवड्यात घुगेबाईंचा फोन आला, "काय रे, निकाल कसे झाले तुझे?" मी म्हणालो, "छान झाले, बाई." आयुष्यात त्यांच्याशी मी एवढं एकच खोटं बोललो.

तीन वर्षं गेली. यावेळची निवडणूक अशी, की दोन्ही बाजूंच्या विजयरेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात दोन्हीकडचे लोक चोरून हसत होते. बहुमत आपलंच, असं दोघांनाही वाटत होतं आणि दोघेही तोंडाने "फार कठीण आहे" म्हणत होते. आठचा ठोका पडला, नावं धडाधड उमटली. साडेनऊ, दहा, एकेक चुरशीची जागा सुटत गेली. आणि शेवटी, मी शपथेवर सांगतो, सभागृहाचं बहुमत दोन जिल्ह्यांवर आलं. मग एका. तो हायाशीबाईंचा जिल्हा होता.

समोर नवे उमेदवार होते. आडनावांचा घोळ नव्हता. हायाशीबाई थोड्या पुढे होत्या आणि एक डोंगरातलं गाव सोडून सगळी मोजणी संपली होती. त्या गावाने नेहमीसारखं मतदान केलं असेल तर त्या जिंकत होत्या. अगदी एकतर्फी उलटं केलं असेल तर हरत होत्या.

एका वाहिनीने तोकाकु दिलं. लगेच दुसरीने. भिंतीवरच्या पडद्यांवर त्यांच्या पक्षाच्या मुख्यालयात लोक उभे राहिले. आमच्या वाहिनीची संपादक फोनवर ओरडत होती, "आपण मागे पडलोय! सगळा देश बहुमताची वाट बघतोय!"

मोरिता-सान माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "दवारे-सान, देऊ?"

त्याच वेळी एका पडद्यावर हायाशीबाईंचं कार्यालय दिसलं. कार्यकर्ते हात वर करायच्या तयारीत. कुणीतरी ब्रश पुढे केला. त्यांनी मान हलवली, ब्रश घेतला नाही. नव्या दारुमावर हात ठेवून त्या बसून राहिल्या. वार्ताहराने विचारलं, कार्यकर्त्यांनी विनवलं. त्या नुसत्या टीव्हीकडे बघत होत्या. कुठल्या वाहिनीकडे, ते मला माहीत होतं.

'हो' म्हणावं, त्यांना मोकळं करावं, सगळ्या देशाला मोकळं करावं! माझं गणित 'हो' म्हणत होतं. पण त्या गावाचा आकडा अजून का येत नाही? मी तिथल्या आमच्या दुर्बीणवाल्या निशिमुरा-सानना फोन लावला. निवृत्त पोस्टमास्तरीण, एकदम खणखणीत आवाज.

"पुन्हा मोजतायत," त्या म्हणाल्या. "मतदान केलेल्या माणसांपेक्षा दोन कागद कमी भरले. तोवर आकडा पाठवणार नाहीत म्हणे."

"तुम्हाला वरून काय दिसतंय?"

"दिसतंय ते मला आवडत नाही. समोरच्याचे गठ्ठे नेहमीपेक्षा उंच आहेत."

मी फोन हातात धरून मोरिता-सानना म्हणालो, "थांबू या. गावाचा ताळा चाललाय." 'ताळा' हा शब्द माझ्या तोंडून मराठीतच निघाला. त्यांना शब्द कळला नाही, पण ते माझ्याकडे पाहून संपादकबाईंना फोनवर शांतपणे म्हणाले, "नाही. अजून नाही. जबाबदारी माझी."

यावेळी मी त्यांचं बोलणं खोडलं नाही. फक्त "आमची," एवढं म्हणालो.

तिसऱ्या, चौथ्या वाहिनीने निकाल दिला. आम्ही एकटे उरलो. पडद्यावर हायाशीबाई तशाच. निशिमुरा-सान फोनवर एकेक गोष्ट सांगत होत्या, जणू क्रिकेटचं समालोचन चाललंय: "एक सापडला! दुसऱ्या गठ्ठ्याला चिकटला होता... दुसरा टेबलाखाली! टोपलीमागे!... आता सही करतायत... पाठवला!"

आकडा आला. मी तो घेतला, मिळवला. मग उलट्या बाजूने, एकूण मतांमधून वजा करत पुन्हा आलो. गाव खरंच एकतर्फी गेलं होतं, पण पुरेसं नाही. आमच्या जुन्या शाळेच्या प्रार्थनेच्या मैदानात मावतील एवढ्या मतांनी हायाशीबाई जिंकल्या होत्या.

"द्या," मी म्हणालो.

नाव उमटलं. सभागृहाचं बहुमत बदललं. आमच्या खोलीत माणसं ओरडत होती, मोरिता-सानचा टाय मानेभोवती उलटा झाला होता, आणि मी फक्त एक पडदा बघत होतो. हायाशीबाईंनी ब्रश मागितला. मग एका दमात त्यांनी तो डोळा काळाभोर रंगवला.

दुसऱ्या दिवशी घरी येताना स्टेशनजवळच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, मी पत्राचा कागद आणि पाकीट घेतलं. बाईंना व्हॉट्सअ‍ॅप येतं, पण त्यावर लाल पेनाने खुणा करता येत नाहीत. जे लिहिलं ते असं:

*तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार,*

*उत्तर: हायाशीबाई निवडून आल्या.*

*रीत: तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला फोनवर निकाल छान झाले म्हणालो होतो. ते खोटं होतं. अपूर्णांकाला मी चूक समजलो आणि एका बाईंना त्या जिंकल्या असं सगळ्या देशासमोर सांगितलं. त्या हरल्या होत्या. त्यांनी मला चूक कशी झाली ते समजावून सांगायला लावलं, अगदी तुमच्यासारखं. काल त्या पुन्हा उभ्या होत्या. सगळ्यांनी त्यांना विजयी म्हटलं, तरी त्या माझ्यासाठी थांबल्या. मी एका गावासाठी थांबलो. ते गाव दोन कागदांसाठी थांबलं होतं.*

*ताळा: केला. दोनदा केला. जुळला.*

*बाकी सगळ्या वाहिन्यांपेक्षा आम्हाला अकरा मिनिटं उशीर झाला. गुण कापायचे असतील तर उशिराचे कापा. ताळ्याचे दोन मात्र यावेळी द्या.*

*आपला विद्यार्थी,*
*बालाजी ढवळे, आठवी ब*